तात्या विंचू आणि आपली मुले

गेल्या पावसाळ्यात लोणी काळभोरच्या एका वस्तीवर उसातील हुमणी पाहायला गेलो होतो. दोन-चार बेटे उपटून पाहिली, मुळाशी पांढऱ्या अळ्या निघाल्या, काय करायचे ते घरधन्याला समजावून सांगितले आणि ओसरीवर चहाला बसलो. तेवढ्यात घरातल्या आजी म्हणाल्या, "साहेब, उसाच्या किडीचं सांगितलंत, आता आमच्या नातवाच्या डोक्यातल्या किडीचं बी सांगा. आठ दिस झालं, अंधार पडला की पोरगं उंबऱ्याच्या भायेर पाऊल टाकत न्हाई. इचारलं तर म्हनतंय, माळ्यावर तात्या विंचू हाय."

मुलगा दुसरीतला. चुलतभावाच्या मोबाइलवर त्याने 'झपाटलेला' या चित्रपटाचे चार-दोन तुकडे पाहिले होते. पुरता चित्रपट नव्हे. बाहुला डोळे वटारतो, दात विचकतो, अंगावर धावून येतो, तेवढेच. भाऊ हसला आणि मोबाइल खिशात घालून शिकवणीला निघून गेला. भीती मात्र या पोराजवळच राहिली.

तुम्ही म्हणाल, शेतकी खात्यातल्या माणसाने खतामातीचे बोलावे, सिनेमाच्या भुताशी त्याला काय करायचे? पण वस्त्यावस्त्यांवर फिरणाऱ्या माणसाला चहाबरोबर घरातल्या गोष्टीही ऐकाव्या लागतात, आणि या बाहुल्याचे नाव मी एकाच घरात ऐकलेले नाही. शिवाय त्याचा तिसरा भाग काढण्याचे बोलणे झालेले आहे. तेव्हा तो तुमच्याही ओसरीवर येणार असे धरून चला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'झपाटलेला' १९९३ साली पडद्यावर आला. दिग्दर्शक महेश कोठारे. तात्या विंचू नावाचा अट्टल गुंड बाबा चमत्कार नावाच्या मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो आणि पोलिसांची गोळी लागून मरता मरता आपला जीव एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला फिरत फिरत लक्ष्याच्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या घरी येतो. आता बाहुल्यातून सुटायचे तर तात्याला माणसाचे शरीर हवे, आणि ते लक्ष्याचेच हवे, कारण आपण कोण हे त्याने पहिल्यांदा लक्ष्यालाच सांगितलेले असते. बाहुला जिवंत आहे असे लक्ष्या जीव तोडून सांगतो आणि कोणी त्याचे ऐकत नाही. सगळी मजा त्यातच आहे. तात्या विंचूचे काम आणि त्याचा तो घोगरा आवाज, दोन्ही दिलीप प्रभावळकरांचे.

ही कल्पना मात्र आपल्या मातीतली नव्हे. अमेरिकेत १९८८ साली 'चाइल्ड्स प्ले' नावाचा चित्रपट निघाला. त्यात एक खुनी असाच 'चकी' नावाच्या बाहुल्यात शिरतो. त्या काळी तिकडे हातात सुरा घेऊन एकामागून एक माणसे मारणाऱ्या खुन्यांच्या चित्रपटांची लाटच होती. १९७८ सालचा 'हॅलोवीन', १९८० सालचा 'फ्रायडे द थर्टीन्थ', १९८४ सालचा 'ए नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट', असे एकेक. प्रत्येकाचे पुढचे भाग निघाले, आणि त्यांना डोक्यावर घेणारी पोरे बाप झाली तेव्हा त्यांच्या पोरांसाठी पुन्हा निघाले.

ऊस लावणाऱ्याला हे सहज उमजेल. लावणीचा ऊस तुटला की त्याच बुडख्यावर खोडवा घ्यायचा, त्यानंतर निडवा. मूळ बेट जोमदार असेल आणि मधल्या काळात मशागत झाली असेल तर खोडवा साधतो. नाहीतर पाचटात नुसती धसकटे. चकीच्या मालकांनीही दोन्ही अनुभव घेतले. २०१९ साली एका कंपनीने तोच चित्रपट नव्याने काढला. त्यात जीव घालणारा मंत्र काढून टाकला आणि बाहुल्यातले यंत्र बिघडते असे दाखवले. मूळ लेखक डॉन मॅन्सिनी त्यात नव्हते, मूळ आवाजही नव्हता. तो चित्रपट काही फार काळ कोणाच्या तोंडी राहिला नाही. मग २०२१ साली मॅन्सिनींनी स्वतःच दूरदर्शन मालिका काढली, ब्रॅड डुरिफ यांचा जुना आवाज तोच ठेवला, आणि ती २०२४ पर्यंत तीन हंगाम चालली.

आपल्या तात्या विंचूचा खोडवा वीस वर्षांनी, जून २०१३ मध्ये निघाला. दिग्दर्शक तेच, आवाज तोच, बाहुला तोच. मधल्या काळात एक मोठी उणीव पडली होती. १६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत बेर्डे वारले. म्हणून या भागात तात्या लक्ष्याच्या मुलाच्या मागे लागतो. ते काम कोठाऱ्यांचे चिरंजीव आदिनाथ यांनी केले. चित्रपट त्रिमितीय होता, म्हणजे डोळ्यांना चष्मा लावून पाहायचा आणि वस्तू पडद्यातून अंगावर आल्यासारख्या वाटायच्या. मी घरच्या मुलांना घेऊन गेलो होतो. मुले दचकली, ओरडली, खूष झाली. मला मात्र लक्ष्याची उणीव भासत राहिली. बाहुला घाबरवतो हे खरे, पण त्याला घाबरणारा माणूस हसवणारा असेल तरच ती भीती पोटात टिकत नाही. चष्म्याने ते काम होत नाही. हे माझे मत. मुलांचे वेगळे होते.

भीतीचा चित्रपट वाईट, असे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. आम्ही काय कमी भुतेखेते पाहिली? माझ्या लहानपणी जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. रॅमसे बंधूंचा 'पुराना मंदिर' १९८४ सालचा. तो आमच्या जत्रेत आला तेव्हा मी जेमतेम तेरा-चौदा वर्षांचा होतो. पडद्याच्या पुढे जागा मिळाली नाही म्हणून आम्ही पोरे मागच्या बाजूला बसलो. तिकडून सगळे उलटे दिसायचे, उजव्या हाताचे डावीकडे. सैतान आला तशी बायाबापड्यांनी किंकाळी फोडली आणि मी तंबूच्या कनातीखालून बाहेर पळालो. बाहेर यंत्राची गाडी उभी. आत एक घामाघूम झालेला माणूस एका हाताने बिडी ओढत होता आणि दुसऱ्या हाताने रीळ नीट बसवत होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "काय रे, भ्यालास?" त्याच्या डोक्यावरून प्रकाशाचा एक झोत निघत होता, त्यात धूळ आणि बिडीचा धूर तरंगत होता, आणि त्या झोताच्या टोकाला तो सैतान. मी परत आत जाऊन बसलो आणि शेवटपर्यंत पाहिला. भीती वाटली, पण निराळी वाटली. त्या रात्री मी एकटा घरी आलो असे मात्र नाही. बैलगाडीत आई होती, चुलत्या होत्या, अर्धी आळी होती.

'झपाटलेला'तल्या बाहुल्यामागेही असाच माणूस होता. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला. हे शब्दभ्रमकार. बोलक्या बाहुल्यांची ही कला त्यांना वडील यशवंत पाध्ये यांच्याकडून मिळाली. अर्धवटराव हा त्यांचा बाहुला शंभर वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राला हसवत आला आहे, आणि आता रामदासरावांचे चिरंजीव सत्यजितही तेच काम करतात. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो हसणारा ससा आठवतो ना? तोही रामदासरावांचाच. म्हणजे ज्या हातांनी तो ससा केला, त्याच हातांनी तात्या विंचू केला. घाबरणाऱ्या पोराला मी पहिली गोष्ट हीच सांगतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते पाहण्यासारखे असते.

शब्दभ्रमाची कला काय आहे तेही सांगून टाकतो, कारण ते घरी करून पाहता येते. तोंडाची हालचाल न करता बोलायचे. बहुतेक अक्षरे जिभेने आणि घशाने निघतात, तिथे ओठांचे काही काम नाही. अडचण येते ती प, फ, ब, भ, म या पाच अक्षरांची. ओठाला ओठ लावल्याशिवाय ती निघत नाहीत. दात थोडे उघडे ठेवून ओठ न हलवता "बापू, पपई माप" म्हणून पाहा. "दातू, ततई नात" असे काहीतरी निघेल आणि घरात हशा पिकेल. शब्दभ्रमकार या पाच अक्षरांच्या जागी जिभेने जवळचा आवाज काढायला शिकतो. त्याच क्षणी तो बाहुल्याचे तोंड हलवतो, आपण बाहुल्याकडे पाहतो, आणि आपला कान फसतो. चोरी कानाची होते, पण ती डोळ्यांच्या मदतीने. वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय हे जमत नाही. आमच्या कार्यालयात दुपारच्या सुट्टीत मी एकदा करून पाहिले, पुढे दोन दिवस मला "दातू" म्हणून हाक मारीत होते.

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगायला मला आजही जड जाते.

नोकरीची पहिली काही वर्षे होती. गावाचे नाव सांगत नाही, या भागातले नाही एवढे पुरे. कांद्याच्या रोपवाटिकेसाठी एका वस्तीवर गेलो होतो. घरातली मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल. बोलता बोलता तिचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. दोन-तीन मिनिटांत थांबले. आई म्हणाली, "झपाटलंय तिला. अमावास्येला देवऋषी बघणार हायेत." चित्रपट तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. वातावरण हलके करावे म्हणून मी म्हणालो, "तात्या विंचू शिरला काय?" घरातली तरुण मुले हसली, आईही कसनुशी हसली. मला कळले होते की हे फेफरे आहे, दवाखान्यात न्यायला हवे. तसे मी म्हणालोही, पण जाता जाता, मोटरसायकलला किक मारता मारता. माझी विनोदाची गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली, दवाखान्याची राहिली नाही.

दीड महिन्याने गेलो तेव्हा मुलीच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत फडके बांधलेले होते. चुलीपुढे भाकरी शेकताना झटका आला आणि हात विस्तवात गेला. देवऋष्याने तोवर दोन कोंबडी आणि बऱ्यापैकी पैसे घेतले होते. मग मात्र मी तिला आणि तिच्या वडिलांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. गोळ्या सुरू झाल्या, झटके थांबले. हात बरा झाला, पण दोन बोटे नीट मिटत नाहीत. तिचे लग्न झाले, मुलेबाळे आहेत. भेटली की "साहेब, चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई" म्हणते. मी बोटांकडे पाहत नाही.

फेफरे हा मेंदूचा आजार आहे आणि बहुतेकांचे झटके रोजच्या औषधाने आटोक्यात राहतात. झटका आला तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, जवळचा विस्तव, अवजार, पाणी बाजूला करा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट दवाखाना गाठा, आणि थांबला तरी डॉक्टरला दाखवायचे चुकवू नका.

'झपाटलेला २' जूनमध्ये लागला. त्यानंतर दोन महिन्यांनी, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. विंचवाचा विषय निघालाच आहे तर हेही ध्यानात ठेवा. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने एके काळी पुष्कळ माणसे दगावत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून ते मरण रोखता येते हे दाखवले आणि त्यांचे संशोधन इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पाचट काढताना, दगडी बांध उचलताना हातमोजे घाला, आणि विंचू चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

तर माझे म्हणणे एवढेच की मुलाला बाहुला दाखवलात तर बाहुल्यामागचा हातही दाखवा. 'झपाटलेला' मजेत पाहता आला तो या हातामुळे. सगळ्यांना ठाऊक होते की बाहुला कोणीतरी हलवतो आहे. देवऋष्याच्या अंगात येते तेव्हाही तोच प्रश्न विचारायचा असतो, हे कोण हलवतो आहे आणि त्याला त्यातून काय मिळते आहे?

पुढच्या भागाविषयी मला जी काळजी वाटते तीही याच प्रश्नाची आहे. तिसऱ्या भागात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे सगळे ज्याला 'एआय' म्हणतात त्याच्या साहाय्याने लक्ष्मीकांत बेर्डे यांना पुन्हा पडद्यावर आणण्याचा विचार २०२४ साली बोलून दाखवण्यात आला. तात्या विंचू मरताना आपला जीव बाहुल्यात घालतो, आणि आता गेलेल्या लक्ष्याला यंत्रात घालायचे! मला लक्ष्या पुन्हा दिसला तर आनंद होईल, खोटे कशाला बोलू. डोळ्यांत पाणीही येईल. पण माझ्यासारख्याला ठाऊक आहे की तो २००४ साली गेला. त्या दुसरीतल्या पोराला हे कोण सांगणार? बाहुल्याचा सांधा दिसतो, जबडा खटकन उघडतो, लाकूड कळते. यंत्राने केलेल्या माणसाचा सांधा दिसत नाही. मोठी माणसेही त्यात फसतात. शेतकऱ्यांच्या मोबाइलवर असे व्हिडिओ येतात की ओळखीचा चेहरा, ओळखीचा आवाज, आणि सांगतो की अमुक ठिकाणी पैसे भरा, अनुदान मिळेल. मजकडे विचारायला येणारे येतात. जे न विचारता पैसे भरून बसतात त्यांचे मला नंतर कळते.

तिसरा भाग निघावा. चांगला निघावा. पण काढणाऱ्यांनी शेवटी दोन मिनिटे तरी बाहुला कसा हलवला आणि लक्ष्या कसा आणला ते पडद्यावरच दाखवावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. चित्रपटाची गंमत त्याने कमी होणार नाही. तंबूतली कमी झाली नव्हती.

आता त्या वस्तीकडे परत येतो. लोणी काळभोरला सिनेमा काही परका नाही. राज कपूर यांची शेती, राजबाग, इथेच मुळा-मुठेच्या काठी होती आणि १९७८ सालच्या 'सत्यम् शिवम् सुंदरम्'चे चित्रीकरण तिथे झाले होते. आज त्या जागी विद्यापीठ आहे आणि तिथे चित्रपट करायलाही शिकवतात. त्या घरातले आजोबा तरुणपणी गर्दीत उभे राहून चित्रीकरण पाहून आलेले. मी त्यांना म्हणालो, "बाबा, नातवाला त्याचं सांगा की." आजोबा म्हणाले, "त्यात काय सांगायचं? एकच वाक्य धा बारीला बोलायचे. मधीच कुनीतरी ओरडलं की समदे गप. आमी कट्टाळून घरी आलो." पोरगा कान टवकारून ऐकत होता.

मग मी त्याला सशाचे आणि तात्या विंचूचे नाते सांगितले, "बापू, पपई माप" करून दाखवले आणि आईला सांगितले की चित्रपट दाखवायचाच असेल तर पुरता दाखवा, दिवसा दाखवा, आणि सगळे मिळून बसा. एक जपून सांगितले. रात्री बाप पाणी द्यायला जातो तेव्हा बाळाला सोबत नेऊ नका, आणि उसाच्या कडेला त्याला एकटे जाऊ देऊ नका. बिबट्या खरा आहे. त्याची भीती काढायची नाही.

तीन आठवड्यांनी हुमणीचे काय झाले ते पाहायला गेलो. ऊस सावरत होता. ओसरीवर पोरगा बसला होता, उजव्या हातात बापाचा जुना पायमोजा, त्याला दोन शर्टाची बटणे शिवलेली. आजी जात्यापाशी ज्वारी निवडत होत्या. मोजा त्यांच्या कानाशी नेऊन त्याने घोगरा आवाज काढला, "ए म्हातारे, भाकरी दे."

आजींनी सुपातून मानही वर केली नाही.

"तोंड हललं रं तुजं," त्या म्हणाल्या. "पुन्यांदा म्हन."